भांगेचा ठराव आणि बायकांची पंगत

भंडारा जिल्ह्यात पाहण्यासारखं आहे तरी काय, असं मी निघायच्या आधी आमच्या चिपळुणातल्या निम्म्या आळीने विचारलं होतं. आता परत आल्यावर तीच मंडळी चहाला येऊन बसतात आणि "काय काय पाहिलंत?" म्हणतात. मी सांगते, तळी पाहिली, फुललेला पळस पाहिला, अर्धा किल्ला पाहिला, आणि भांग चालू ठेवायची की पुन्हा बंद करायची यावर एक अख्खं गाव भांडताना पाहिलं. पहिल्या तीन गोष्टींवर मंडळी नुसती मान डोलावतात, चौथीला खुर्ची पुढे ओढतात. दर वेळी पहिल्यापासून सांगून माझा घसा बसायला आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आमची सून वैशाली तिकडची. लग्न पुण्यात झालं, मुलगा-सून राहतात पुण्यात, त्यामुळे तिचं माहेर काही मी पाहिलेलं नव्हतं. यंदा तिच्या आईवडिलांनी शिवरात्रीला याच म्हणून फार आग्रह केला. आमच्या ह्यांच्या गुडघ्याने साफ नकार दिला. मुलाला रजा नाही, सुनेला रजा नाही. मी पोस्टातून निवृत्त झालेली, मला रजाच रजा. आमसुलं आणि फणसाच्या साठांचा, म्हणजे फणसपोळीचा, एक डबा घेऊन मी एकटीच गाडीत बसले.

गावाचं नाव सांगणार नाही. विहीणबाईंनी निघताना तसं बजावलंय. तुमसर तालुक्यात, आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठावर ते आहे, एवढ्यावर भागवा.

तुमसर रोड

स्टेशनवर व्याही आले होते, मोटरसायकल घेऊन. डोमाजी त्यांचं नाव. उंच, वाळक्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, बोलायला कमी. माझी बॅग त्यांनी पुढे टाकीवर ठेवली, फणसपोळीचा डबा माझ्या मांडीवर, आणि मी साठीची बाई मागे एका अंगाला बसून निघाले. आमच्याकडे एवढ्या सपाट रस्त्यावर गाडी चालवायला मिळाली तर पोरं विमानासारखी उडवतील. डोमाजींनी ती बैलगाडीसारखी चालवली. मला तेच हवं होतं.

फेब्रुवारी महिना, म्हणजे आमच्या कोकणात भातखाचरं कोरडी ठक्क, पिवळी, वर नुसते कापलेले बुडखे. इथे मात्र तळ्याखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे आपल्या खाचरांमध्ये, हिरवागार भात! उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे आपली भातलावणी, नुकतीच झालेली. भात म्हणजे पावसाळ्यातच, असं मी साठ वर्षं धरून चालले होते. आणि तळी तरी किती! एक संपलं की दुसरं. मधल्या माळावर पळस पेटलेला, पान एक नाही, नुसती केशरी फुलं. मी मागून "अय्या" म्हणाले तर डोमाजींना वाटलं मी पडले. त्यांनी गाडी थांबवली, मी बसलेली आहे याची खात्री केली आणि पुन्हा चालू केली.

घरी पोचले तर पायावर पाणी, कपाळाला कुंकू, आणि विहीणबाई एकदम वाकून पाया पडायला! मी मुलाची आई ना, त्यामुळे माझा मान मोठा. विहीणबाईंचं नाव कौशल्याबाई. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आवाज असा की तळ्याच्या पलीकडच्या काठावरची म्हैस वळून बघेल. इकडे बायकासुद्धा "मी करतो, मी जातो" असंच म्हणतात. कौशल्याबाई ते म्हणाल्या की त्यांनी नुसतं सांगितलं नाही, आत्ताच्या आत्ता करूनच टाकलं, असं वाटतं.

जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे होते. बाहेरून कुरकुरीत, आत लसूण आणि हिरवी मिरची, सोबत गरम सुवाऱ्या. सुवारी म्हणजे आपली पुरी. ही डाळ विकायला एके काळी बंदी होती म्हणे, खाल्ल्याने पाय लुळे पडतात म्हणून. मग ती बंदी उठली. "बंदी होती तवाबी आमी खातच होतो जी," डोमाजी म्हणाले. त्यांचं हे त्या दिवसातलं सर्वांत लांब वाक्य.

त्यावर कौशल्याबाई माझ्याकडे वळल्या. "इहीनबाई, त्याइले इचारा, आनखी भात वाढू काय?"

डोमाजी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेले. मी गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा, नको म्हना," डोमाजी मला म्हणाले.

मग लोटा कुठे आहे, गाईला पाणी दाखवलं का, उद्या दळण कोण नेणार, सगळे निरोप माझ्यामार्फत. आयुष्यभर पोस्टात काम केलं, तिथेसुद्धा एका ताटावरून दुसऱ्या ताटावर टपाल पोचवायची वेळ आली नव्हती.

आंबागड, निम्म्यापर्यंत

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्याबाई मला किल्ला दाखवायला घेऊन गेल्या. पायऱ्या आहेत, झाडी दाट आहे, सागाची पानं वाळून पायाखाली पापडासारखी मोडतात. त्या शेळीसारख्या चढत होत्या. मी निम्म्यावर पोचले आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशी मी पायरीवर बसकण मारली. किल्ल्याचा वरचा भाग फार सुंदर आहे असं ऐकलं. ज्यांच्या चपला चांगल्या आहेत त्यांनी जरूर पाहावा.

तिथेच बसून मी विचारलं, "तुमचं दोघांचं बिनसलंय कशावरून?"

कौशल्याबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "घोट्यावरून."

घोटा म्हणजे भांगेचा. शिवरात्रीला गावच्या महादेवाच्या देवळात भांगेचा पाला, बदाम, खसखस, बडीशेप, मिरी असं सगळं दगडी कुंडीत घालायचं, कडुलिंबाच्या जाड सोट्याने तासन्‌तास घोटायचं आणि दुधात कालवून प्रसाद म्हणून वाटायचं. घोटायचा मान डोमाजींच्या घराण्याचा. मधे बरीच वर्षं तो बंद होता, कारण गावाने भांग बंद केली होती. पण गावकऱ्यांची काही बंद झाली नव्हती. टेकडीमागच्या नाल्यात लपून प्यायचे, कोण काय मिसळायचं कोणाला ठाऊक, एकदा तर कुणीतरी धोतऱ्याचं बी घातलं आणि एकाला तुमसरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मग काही वर्षांपूर्वी ग्रामसभेने ठरवलं, की लपून नको, उघड होऊ दे. परवान्याचा पाला रीतसर आणायचा, देवळातच घोटायचा, डोमाजींच्याच हाताने. ग्रामसभा दर वर्षी हरकत नाही म्हणून हात वर करायची.

"पयले दोन साल चांगलं चाललं, खोटं कायले बोलू," कौशल्याबाई म्हणाल्या. "मंग एका दुपारचा एक दिवस झाला. एका दिवसाचे तीन दिवस झाले. गेल्या साली त नत्थूजीनं कमालच केली."

नत्थूजी म्हणजे डोमाजींचे लहानपणापासूनचे दोस्त. गेल्या शिवरात्रीला तळ्याचं तुडूम बंद करायची पाळी त्यांची होती. तुडूम म्हणजे तळ्याच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, शेतात पाणी सोडायचं दार. नत्थूजी घोटा पिऊन पाळीवर बसले आणि दार बंद करायचं विसरले. विसरले म्हणजे, कोणी येऊन विचारलं, "तुडूम बंद केलं का?" की ते हसायचे. दुसऱ्याने विचारलं, आणखी हसले. तिसरा विचारायला गेला तो त्यांना बघून स्वतःच हसत बसला, तोही पिऊन आलेला. संध्याकाळपर्यंत पाणी वाहिलं आणि खालच्या बांध्यांमधली नवी रोवणी पाण्यावर तरंगली.

"मंग रोवनी कोनं केली पुन्ना? बायकाइनं. चिखलात वाकून वाकून कंबर आमची मोडली, अन् हासू त्याइले आलं! म्हून मी म्हनलं, बस झालं, ठराव मांडतो, घोटा बंद. तवापासून हे माह्याशी बोलत नाई. नाई बोलत त मीबी नाई बोलत."

त्या उठल्या, स्वतःची चप्पल काढून माझ्यापुढे ठेवली आणि अनवाणी उतरायला लागल्या. मी नको नको म्हणत राहिले. ऐकतील तर शपथ.

तळ्याची पाळ

आता एकाच बाजूचं ऐकून निघून जाणं मला जमत नाही. दुपारी डोमाजी तळ्यावर मासे आणायला निघाले तेव्हा मी बरोबर गेले. मासे म्हटल्यावर कोकणातलं माणूस घरी कशाला बसेल! पाळीवर भागरताबाईंनी टोपलं मांडलं होतं. त्या म्हाताऱ्या, तळ्यात मासेमारी करणाऱ्या घरातल्या, एक डोळा अधू, दुसऱ्याने मला नखशिखान्त पाहून घेतलं.

"समुद्रावरची हाव का? मंग आमचा मासा तुमाले गोड लागन. मीठ नाई त्यात."

मरळ घेतला. रात्री त्याचा लाल झणझणीत रस्सा झाला, आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर मी दोनदा मागून घेतला. नारळ नाही, कोकम नाही, तरी इतका चांगला कसा लागतो हे कोडं घेऊन परत आलेय. आमच्या शेजारच्या मासेवालीला मात्र यातलं काही सांगू नका.

तर परतताना डोमाजी पाळीवर थांबले. म्हणाले, "तुमी तिचं आयकलं. तिचं खोटं नाई जी. नत्थूची चुकी झाली, माहीबी झाली, मी त्याले तिसरा गिलास दिला. पर बंद केल्यानं पेनं बंद होते काय? पुन्ना नाल्यात जातीन. तेथी कोन पाहाते कोनं किती पेला? येथी माह्या डोळ्यापुढं पेतेत."

मग ते म्हणाले, "माहा बाप घोटे, त्याचा बाप घोटे. वावर त सारेच करतेत. गाव मले ओळखते ते त्या कुंडीनं. ते गेली, मंग मी कोन?"

मला फार वाईट वाटलं. हा माणूस स्वतः भांगेचा थेंब घेत नाही, हे मला वैशालीने आधीच सांगितलेलं होतं. त्याला प्यायचं नव्हतं, घोटायचं होतं. आणि तिकडे कौशल्याबाईंची कंबर आठवली की त्याही खऱ्या वाटायच्या. घरी परतेपर्यंत मी तीनदा बाजू बदलली.

ग्रामसभा

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीपुढे मंडप टाकून सभा भरली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पाहुणी म्हणून मला मधोमध खुर्ची. आमच्याकडच्या ग्रामसभेत पन्नास टाळकी जमली की सरपंचाला भरून येतं. इथे बसायला जागा नव्हती.

सरपंच तरुण होते, आणि फार सावध. दोन्हीकडची मतं हवीत ना! त्यांनी माईक हातात घेऊन बाहेरच्या जगापासून सुरुवात केली. "थायलंड नावाच्या देशात भांग-गांजा खुला केला होता. आता तेथीबी वाद चालू हाय का बाप्पा, पुन्ना बंद कराचं का नाई कराचं. म्हून आपनबी इचार करून..."

"थायलंडमंधी तुडूम हाय का?" भागरताबाईंनी खालून विचारलं. सभा हसली आणि सरपंच गावात परत आले.

कौशल्याबाई उभ्या राहिल्या. त्यांना माईकची गरज नव्हती. रोवणी, पाणी, तीन दिवसांचा घोटा, बाहेरगावाहून फटफट्या उडवत येणारे पोट्टे, सगळं त्यांनी खणखणीत सांगितलं. पण एकदाही डोमाजींचं नाव घेतलं नाही, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मग पुरुषांकडून नाल्याचं, धोतऱ्याचं, दवाखान्याचं निघालं. बंद केलं की लपून होईल, लपून झालं की वाईट होईल, हे डोमाजींचं म्हणणं दुसरेच कोणीतरी मांडत होते. ते स्वतः खांबाला टेकून खाली पाहत बसले होते. दोन्हीकडचं बोलणं पटण्यासारखं होतं आणि दोन्हीकडचा आवाज चढत चालला होता.

तेवढ्यात नत्थूजी उठले. गोरेपान, गोंडस गृहस्थ, वरची दोन बटणं उघडी. तुडुमाचा विषय निघाल्यापासून त्यांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "मले एक सांगा. ज्याइनं आयुष्यात घोट्याले तोंड नाई लावलं, त्याइनं त्याच्यावर हात कायले वर कराव? बायकाइले काय समजते त्याच्यातलं?"

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. खरंच होतं ते. त्या गावात बायकांना घोटा कधी दिलाच जात नव्हता.

भागरताबाई गुडघ्यावर हात देत सावकाश उभ्या राहिल्या. "नत्थू बरोबर बोलून राहिला," त्या म्हणाल्या. "चाखल्याबिगर भाजीले खारट म्हनू नये. मंग उद्या आमाले पाजा. पंगत बसवा बायकाइची. पेतो, अन् मंग सांगतो चालू ठेवाचं का बंद कराचं."

आधी हशा झाला. मग हशा पुरुषांच्या बाजूने एकेक करून विझत गेला.

"बायकाइनं कसा पेवाव?" नत्थूजी म्हणाले.

"काहून? परसाद हाय ना? तुमीच म्हनता परसाद हाय, नशा नाई. परसादाले बाई का गडी, हे कवापासून लागलं?"

सगळ्यांची तोंडं डोमाजींकडे वळली. प्रसाद हा शब्द मूळ त्यांचा. नाही म्हणावं तर जन्मभर ज्याला प्रसाद म्हटलं ती नुसती भांग ठरते. हो म्हणावं तर निम्म्या गावाचं वैर. ते खांब सोडून उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"हाव," ते म्हणाले. "परसाद हाय. उद्या बायकाइची पंगत पयली."

सरपंचांनी सुटकेचा श्वास टाकून सभा उद्या दुपारपर्यंत, देवळाच्या आवारात, तहकूब केली.

संध्याकाळी दिवेलागणीला नत्थूजी आणि आणखी चौघेजण आमच्या अंगणात आले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, कौशल्याबाई आत चुलीशी. नत्थूजींनी आवाज खाली आणला, तरी मला स्पष्ट ऐकू येत होतं. "डोमा, सोपी गोठ हाय. बायकाइच्या भांड्यात पाला टाकूच नको. दूध, बदाम, साखर. पेतीन, काई होनार नाई, म्हनतीन यात त काईच नाई, राहू द्या चालू. तुहा मान राहिला, आमचा घोटा राहिला."

माझ्या हातातलं सूप थांबलं. खरंच किती सोपं होतं! आणि कोणाला कळलंही नसतं. आतली भांडीही वाजायची थांबली.

डोमाजी म्हणाले, "परसादात दोन भांडी नाई करत मी."

"अरे पर मान जाईन तुहा!"

"जाऊ दे. खोटा घोटून मान कायचा?"

ते सगळे निघून गेले. डोमाजी अंगणातच उभे होते. थोड्या वेळाने आतून कौशल्याबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खाली. "इहीनबाई, त्याइले सांगा, च्या थंडा होऊन राहिला."

मी सांगितलं. ते आत गेले.

शिवरात्र

सकाळपासून देवळाच्या आवारातून सोट्याचा घर्र घर्र आवाज येत होता. उपासाला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा होता. हे शिंगाडे त्यांच्याच तळ्यातले, आमच्यासारखे वाण्याकडून पुडीत आलेले नव्हेत. मी मात्र दोनच घास घेतले, कारण बायकांची पंगत पहिली, आणि बायकांत मुलाची आई म्हणून पहिला पाट माझा! ह्यांचा फोन आला. "काय चाललंय?" म्हणाले. मी म्हटलं, "देवळात चाललेय, प्रसाद आहे." यात खोटं काही नव्हतं.

पूजा झाली. वडाखाली बायकांची रांग बसली, नवी नेसलेली लुगडी, साड्या, कपाळभर कुंकू. पुरुष भोवती कडं करून उभे. डोमाजींचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. त्यांनी एकेक ग्लास भरून प्रत्येकीपुढे ठेवला. फिकट हिरवं दूध, वर बदामाचा चुरा. माझ्यापुढे ठेवताना त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

भागरताबाईंनी ग्लास उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबल्या. "थांबा वो. पेल्यावर सांगाचं भान राहीन का नाई कोनाले माहीत. आताच सांगून ठेवतो." त्या आपल्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "आज जाळं तुमी काढजा. अन् बकऱ्या मोजून बांधजा."

पुढची म्हणाली, "अवो, लेकराले तीन वाजता दूध लागते. पातळ कराचं, नाई त वकते."

तिसरी म्हणाली, "बुडीले औषध. जेवल्यावर लाल गोळी, जेवल्याआंधी पांढरी. उलटी नका देजो."

रांगेतून कामं पुढे सरकू लागली. कोणाची गाय व्यायला आलेली, तिच्याजवळ बसायचं. कोणाच्या घरी संध्याकाळी पाहुणे, उपासाचा स्वयंपाक. धान वाळत टाकलेलं, कोंबड्या हाकायच्या. नत्थूजींच्या बायकोने सगळं शेवटाला ठेवलं होतं. "अन् आज तुडुमाची पाळी आपल्या घरची हाय. दोन दिवस उतरत नाई म्हनतेत, त उद्याचीबी तुमीच करजा. दोन गाई, तुमची माय, अन् तुडूम." एवढं बोलून तिने ग्लास उचलला. बायकांचे सगळे ग्लास एकदम वर गेले. माझाही, रांगेतून मागे कसं राहायचं!

कडं करून उभे असलेले पुरुष बोटांवर कामं मोजू लागले. नत्थूजींनी आधी बायकोकडे पाहिलं, मग तळ्याकडे, मग घराकडे. आणि हात वर केला.

"सरपंच," त्यांचा आवाज फाटला, "घ्या ठराव. बंद. घोटा बंद!"

त्यांच्या मागे दुसरा हात, तिसरा, मग पुरुषांचे हातच हात. जे काल दवाखान्याचं आणि नाल्याचं सांगत होते तेसुद्धा. बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या, ग्लास हिंदकळले. सरपंचांनी घाईघाईने ठराव मंजूर म्हटलं. एकच हात वर गेला नव्हता. डोमाजी कुंडीपाशी बसले होते, दोन्ही हात सोट्यावर, आणि हसणाऱ्या गावाकडे बघत होते. आदल्या संध्याकाळी नत्थूजींचं ऐकून बायकांसाठी नुसतं दूध ठेवायचं ठरवलं असतं तर हा मान त्यांच्याकडेच राहिला असता. मला त्यांच्याकडे बघवेना.

बायका ग्लास खाली ठेवू लागल्या. कोणीतरी म्हणालं, आता हे तळ्यात ओता.

"कायले ओतता?" कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या. "ठराव मी मांडला, झाला, चांगलं झालं. पर ते पुढच्या सालापासून. आजचा परसाद महादेवाले दाखवेल हाय अन् माह्या मानसानं सकाळपासून घोटेल हाय. तो मी मातीत नाई जाऊ देत."

आणि त्यांनी ग्लास तोंडाला लावला. घोटभर घेऊन ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी डोकं मागे टाकून पूर्ण ग्लास रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि सगळ्या गावादेखत डोमाजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चला. आता मले घरी न्या. सैपाक आज तुमाले कराचा हाय."

मी गावात आल्यापासून त्या डोमाजींशी थेट बोलल्या ते हे पहिलं वाक्य. डोमाजींच्या मिशा हलल्या. ते रडताहेत की हसताहेत हे त्यांनाही सांगता आलं नसतं. माझे डोळे मात्र सरळ भरून आले. भागरताबाई म्हणाल्या, "मंग माहा कायले वाया घालू?" आणि त्यांनीही आपला ग्लास संपवला. मी तीर्थाएवढा तळहातावर घेतला. चिपळुणात कोणाला सांगणार नव्हते, आता लिहून बसले.

आम्ही तळ्याच्या पाळीवरून घरी निघालो. पुढे ते दोघं, मागे मी. कौशल्याबाईंना अजून काही झालेलं नव्हतं, तरी डोमाजींनी त्यांचा दंड धरून ठेवला होता. मग डोमाजींनी, इकडेतिकडे बघत, हळूच विचारलं, "कसा झालता?"

इतक्या वर्षांत हे विचारायची त्यांना घरात कधी सोयच नव्हती.

"चांगला झालता," कौशल्याबाई म्हणाल्या. "वेलदोडा कमी पडला."

डोमाजी चालता चालता थांबले. अख्खा मान गेला तेव्हा पडला नसेल एवढा त्यांचा चेहरा पडला. "कमी पडला?"

"हाव. पुढल्या साली पाला नसन, नुसतं दूध-बदाम, त वेलदोड्याचंच कमी-जास्त लक्षात येईन लोकाइच्या. तुमी घोटजा, वेलदोडा मी टाकीन."

"घोटू?" डोमाजी म्हणाले.

"त मंग? कुंडी का रिकामी ठेवता?"